बाबांचा आवाज आणि आमच्या कंपनीचं कुलूप

आमच्या जपानी कंपनीत दरवर्षी स्थापना दिनाला एक फिल्म दाखवत. युद्धानंतरचं जळलेलं शहर, पडक्या इमारतीत बिघडलेले रेडिओ दुरुस्त करणारा एक किडकिडीत माणूस, आणि रेडिओ काखोटीला मारून दाराबाहेर उभे असलेले लोक. पुढे टेपरेकॉर्डर, खिशातला रेडिओ, रंगीत टीव्ही. मग हातात पैसा खेळू लागल्यावर अमेरिकेतली एक गाण्यांची कंपनी विकत घेतली ती, मग सिनेमाचा स्टुडिओ, मग मुलांचे टीव्हीवरचे खेळ, आणि शेवटी चक्क विमा. फिल्म संपली की दिवे लागायचे आणि सिंगापूरच्या ऑफिसातले आम्ही सगळे, चिनी, मलय, तमिळ, फिलिपिनो आणि मी एकटी मराठी, टाळ्या वाजवायचो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून मी नुसती वाजवल्यासारखं करत असे.

फिल्ममध्ये जे नव्हतं ते आम्ही रोज बघत होतो, आणि त्याला मराठीत एकच शब्द आहे, भाऊबंदकी. यंत्रं बनवणारी ती थोरली पाती, गाणी विकणारी ती धाकटी. धाकटीला कायम धास्ती, की थोरलीची यंत्रं आपली गाणी लोकांना फुकटात नकलून देतील. म्हणून थोरलीनं बाजारात काही आणायचं म्हटलं की धाकटी आडवी यायची. आधी कुलूप लावा, मग विका. त्या कुलपापायी आमचं यंत्र वापरणं ही शिक्षाच होती. एक गाणं कंप्युटरवरून यंत्रात घ्यायचं तर परवानगी, परत ठेवायचं तर परवानगी. तोवर एका अमेरिकन कंपनीचं पांढरं यंत्र ज्याच्या-त्याच्या खिशात जाऊन बसलं. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. टॅम्पिनीसहून बुओना व्हिस्टाला जाताना सकाळच्या एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मला जिकडेतिकडे पांढऱ्या वायरीच दिसत, आणि त्या कानात घालून गाणी ऐकणाऱ्या माणसांचा मला राग येई. खरं तर राग आमच्याच लोकांचा यायला हवा होता.

मी ते कुलूप तपासायचे. आमच्या मजल्यावरून वन-नॉर्थ या नव्या वसाहतीची उकरून ठेवलेली तांबडी माती आणि क्रेन दिसायच्या, आणि त्या खिडकीकडे पाठ करून आम्ही सात-आठ जण दिवसभर आपल्याच यंत्रांवर दरोडे घालायचो. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, म्हणून चोर व्हायचं. कंप्युटरचं घड्याळ मागे करून बघ, गाण्याची फाइल दुसरीकडे नेऊन बघ, अर्ध्यात वायर ओढून बघ. कुलूप टिकलं की पडद्यावर एक ओळ यायची: हा आवाज वाजवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. ही ओळ आली की आमचं काम फत्ते. मी कामात चांगली होते. इतर जण सोडून देत त्या फटी मी हुडकून काढायचे, आणि मग त्या बुजवल्या जायच्या.

माझे बाबा वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षक होते, आणि बौद्धाचार्य होते. म्हणजे आमच्या समाजातली लग्नं ते लावायचे. त्रिशरण, पंचशील म्हणायचं, नवऱ्याकडून आणि नवरीकडून एकेक प्रतिज्ञा वदवून घ्यायची, मग मंगलगाथा, आणि वर फुलं. बाबांना माईक लागत नसे. मांडवाच्या टोकाला भांडी घासणाऱ्या बायासुद्धा हात थांबवून 'साधू, साधू' म्हणायच्या. त्यांची एक खोड होती. प्रतिज्ञा सांगितली की उत्तर येईपर्यंत ते पुढे जात नसत. एकदा एक नवरदेव मित्रांकडे बघून हसत हसत काहीतरी पुटपुटला, तर बाबांनी त्याला तीच प्रतिज्ञा पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, शेवटी त्याच्या बापानंच उठून त्याला दम दिला. घाईनं लग्न लावणाऱ्यांना ते 'पोस्टमन' म्हणायचे, शिक्का मारला आणि चालले. माझं लग्न त्यांनीच लावलं. धाकट्या बहिणीचंही तेच लावणार, हे आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट आहे. धाकटीचं लग्न ठरलं, मुलगा पुण्याला नोकरीला, डिसेंबरची तारीख. त्याच उन्हाळ्यात बाबांचा घसा बसला तो उठेच ना. पोरांवर ओरडून बसला असेल म्हणावं तर निवृत्त होऊन वर्षं झालेली. नागपूरला दाखवलं. आईनं फोनवर मला नीट सांगितलंच नाही, धाकटीनं सांगितलं. कॅन्सर स्वरयंत्रात आहे, स्वरयंत्र काढून टाकावं लागेल, आणि डिसेंबरपर्यंत थांबता येणार नाही. जीव वाचेल बहुतेक, पण बोलणं संपलं.

बाबांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. त्यामुळे मला चिडायलाही कुणी सापडेना.

धाकटी शहाणी. तिनं दुसऱ्याच दिवशी तोड काढली. लग्न आत्ताच लावा, ऑपरेशनच्या आधी, घरातल्या घरात, चार माणसांत. मुलाला विचारलं, तो रात्रीच्या गाडीनं यायला तयार होता. बाबा मात्र तयार होईनात. घाईघाईत लग्न उरकलं तर लोक काय अर्थ काढतील, मुलाकडच्या म्हाताऱ्या माणसांना डावलायचं का, वगैरे बरंच. आणि मग त्यांनी मला फोनवर घेतलं. आवाज आधीच फाटलेला होता.

"तुझ्या कंपनीची मशीन आहे ना वं? त्यात भरून ठेवतो मी सगळं. लग्नात लावून द्या."

बाबांना माझ्या कंपनीचा फार अभिमान. त्यांच्या लहानपणी गावात पहिला रेडिओ आला होता तो याच कंपनीचा, असं ते सांगायचे. ते खरं होतं की नाही कोण जाणे. पण आपली मुलगी त्या कंपनीत आहे हे त्यांनी गावात वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं होतं. मी हो म्हटलं. धाकटीनं फोन घेतला आणि ठीक आहे म्हणाली.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमच्याकडे नवी यंत्रं आली होती. हे यंत्र त्या पांढऱ्या यंत्राला उत्तर म्हणून बनवलं होतं. गाणी ऐकायची, आणि वर बारीकसा माईक लावून आवाजही टिपायचा. आमच्या कंपनीची रीत होती, की माल बाजारात जाण्याआधी प्रत्येकानं तो घरी न्यायचा आणि गिऱ्हाईक होऊन वापरायचा, घरच्यांना वापरायला द्यायचा. विभागप्रमुख स्वतः दोन्ही हातांनी एकेकाला यंत्र द्यायचे. ते जपानी गृहस्थ होते, सतरा-अठरा वर्षं देशाबाहेर राहिलेले, मऊ बोलणारे, पावसात छत्री नसलेल्या माणसाला अर्ध्या वाटेवर आपली छत्री देऊन टाकणारे. मला यंत्र देताना म्हणाले, मुलीचा आवाज टिपा, मुलं लवकर मोठी होतात. मी त्यांना सांगितलं की वडिलांचा टिपणार आहे, आणि का, तेही सांगितलं. त्यांनी बराच वेळ मान खाली घातली आणि माझी रजा तिथल्या तिथे मंजूर केली.

शेजारच्या टेबलावरच्या चिनी सहकाऱ्यानं मला त्याच दिवशी हॉकर सेंटरमध्ये जेवताना सांगितलं होतं, की बाजारात एक साधं तैवानी यंत्र मिळतं, स्वस्तात, ते घेऊन जा. यात आपलं कुलूप असणार. मी त्याच्यावर उखडले. कुलूप मी तपासलंय, मला शिकवतोस? घरात टिपलेला आवाजही कुलूपबंद होतो हे मला माहीत होतंच, पण ज्यानं टिपला त्याच्याकडे किल्ली असतेच की. तो खांदे उडवून म्हणाला, "तुझे वडील, तुझी मर्जी, लाह." माझी मुलगी घरी अगदी असंच 'लाह' लावून बोलायची, म्हणून मी हसले आणि विषय संपला.

बाबांनी आवाज भरून दिला तो गावच्या घरी, मागच्या खोलीत, दुपारी. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद केला. पांढरा सदरा घालून, दोन्ही तसबिरींना फुलं वाहून ते पाटावर बसले, लग्न लावायला बसावं तसेच. समोर धाकटी. नवरदेवाच्या जागी रिकामा पाट. मी हळूच म्हटलं, की नुसतं वाचलंत तरी चालेल, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी बटण दाबलं. घसा दर ओळीला दगा देत होता. थांबायचे, कोमट पाण्याचा घोट घ्यायचे, पुन्हा तीच ओळ पहिल्यापासून. प्रतिज्ञा सांगितली की ते थांबत. रिकाम्या पाटाकडे बघून थांबत, तो मुलगा डिसेंबरमध्ये उत्तर देईल तेवढा वेळ सोडून मगच पुढे जात. धाकटीच्या प्रतिज्ञा आल्या तेव्हा ती उत्तर द्यायला लागली, तर त्यांनी हातानं तिला थांबवलं. तिनं ते मांडवात द्यायचं होतं. शेवटी मंगलगाथा झाली आणि यंत्र चालूच असताना ते धाकटीशी बोलले, अगदी साधं. तिथे गेल्यावर कुणाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलू नको, आणि आईला दर आठवड्याला फोन करत जा, मी काही आता फोनवर येत नाही. धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली. मी बटण बंद केलं, पंखा लावला. सगळ्यांचे कपडे घामानं भिजले होते.

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. बाबांच्या गळ्याला समोर भोक पडलं, तिथून श्वास. बोलायला आईनं त्यांना पाटी आणून दिली, शाळेतलीच.

सिंगापूरला परत आल्यावर मी तो आवाज टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधल्या कंप्युटरवर उतरवून घेतला. नीट वाजत होता. मी दोनदा ऐकला, नवऱ्यानं एकदा. मुलगी दार लावून बसली, म्हणाली, "आजोबा साउंड सो पेन, आय डोन्ट वॉन्ट." नियमाप्रमाणे यंत्र ऑफिसात परत केलं, तिथे ती सगळी यंत्रं एकत्र चेचून टाकायचे. सीडी लग्नाच्या आधी बनवू, असं म्हणून ठेवलं. घाई कसली होती? आवाज घरात होता.

ऑक्टोबरमध्ये यंत्र बाजारात आलं. ऑफिसात केक कापला. त्या आठवड्यात सगळ्यांच्या कंप्युटरवर नवा प्रोग्राम आपोआप चढला, माझ्या घरच्यावरही. रविवारी सकाळी मी सीडी बनवायला बसले आणि पडद्यावर ती ओळ आली. हा आवाज वाजवण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

पहिल्यांदा मला काही वाटलं नाही, उलट सवयीनं बरंच वाटलं. मग ध्यानात आलं, की ही ओळ बाबांच्या आवाजाला आली आहे. दुपारपर्यंत मी चोराच्या सगळ्या वाटा चालून पाहिल्या. घड्याळ मागे केलं, जुना प्रोग्राम चढवला, फाइल दुसऱ्या कंप्युटरवर नेली. एकेक फट मीच हुडकून दिलेली आणि मीच बुजवून घेतलेली. संध्याकाळी नवरा म्हणाला, आता जेवून घे. मी त्याच्या अंगावर ओरडले. त्याचा काय दोष होता?

सोमवारी विभागप्रमुखांकडे गेले. घरी नेलेल्या यंत्रांच्या किल्ल्या वेगळ्या असायच्या, चाचणीपुरत्या, आणि त्या टोकियोच्या ताब्यात असत, एवढं मला माहीत होतं. तीच किल्ली एकदा लावून द्या, एकाच फाइलला, असं मी म्हटलं. त्यांनी आवाजात नेमकं काय आहे ते विचारलं. मी त्रिशरणाची पहिली ओळ म्हणून दाखवली. त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या घरीही कुणी वारलं की भिक्खू येऊन असंच काही म्हणतात, अर्थ कुणाला कळत नाही, पण लहानपणापासून कानात आहे, असं ते म्हणाले. त्या ऑफिसात आम्ही दोघंच बौद्ध होतो असं नाही, पण त्या क्षणी मला तसं वाटलं. मग ते म्हणाले, मी टोकियोला विचारतो.

आमच्या गावाकडे कसं असतं? ज्याला काम करायचं नसतं तो दारातच 'होणार नाही' म्हणून सांगतो, साहेबाच्या आधी शिपाईच सांगतो. 'विचारतो' म्हणाला आणि कागद टेबलावरून हलला, की काम निम्मं झालं. मी त्या तालुक्याच्या गावातली. कागद हलला, म्हणून मी त्याच दिवशी घरी फोन केला, की थोडी अडचण आली होती, होईल. बाबांचा एक जुना विद्यार्थी आता बौद्धाचार्य झाला होता, तो लग्न लावायला तयार होता. माझा फोन गेल्यावर बाबांनी त्याला नको म्हणून कळवलं.

कागद खरोखरच फिरला. आठवड्याला काही ना काही येत राहिलं. टोकियोतल्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांनी तो गाण्यांच्या पातीकडे पाठवला, कारण किल्ली द्यायची तर त्यांची हरकत नसायला हवी. तिथल्या वकिलांनी विचारलं, गायक कोण, गायकाचा कुणाशी करार आहे का, रचनाकार कोण, हक्क कुणाकडे. मी लिहून दिलं, की गायक माझे वडील, रचना अडीच हजार वर्षांपूर्वीची. त्यावर उलट प्रश्न आला. रचनाकाराच्या मृत्यूचा पुरावा द्यावा. मी विभागप्रमुखांच्या टेबलासमोर उभी राहून हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते हसले नाहीत. टेबलाकडे बघत राहिले. जिथे महापरिनिर्वाण झालं त्या कुशीनगरच्या स्तूपाची माहिती मी छापून जोडली. तीही त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि पाठवून दिली.

चिनी सहकारी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, की आठवड्याभरात हो आलं नाही ना, मग ते नाही असतं, हे जपानी लोक तोंडावर सांगत नाहीत. मी म्हटलं, तुला सगळ्यांविषयी वाईटच बोलता येतं. माझा विश्वास त्या माणसावर होता, पावसात छत्री देणाऱ्या माणसावर. नोव्हेंबर गेला. आमच्या कंपनीनं मलेशियातला टीव्हीचा एक कारखाना बंद केला, ऑफिसात दर शुक्रवारी कुणाचा तरी निरोप समारंभ. नवं यंत्र खपत नव्हतं ते नव्हतंच. मी फोनवर धाकटीला सांगत राहिले, होईल, तारखेच्या आधी नक्की. निघायच्या दिवशी विभागप्रमुखांनी टोकियोला पुन्हा आठवण करतो म्हणून सांगितलं, आणि लग्नासाठी सुंदर कागदात बांधलेला आहेर दिला.

लग्नाच्या आदल्या दिवशी, अंगणात हळद चालू असताना, मी आतल्या खोलीतून ऑफिसात फोन लावला. चिनी सहकाऱ्यानं उचलला आणि विभागप्रमुखांना दिला. ते म्हणाले, टोकियोचं उत्तर आलंय. चाचणीच्या यंत्रांच्या किल्ल्या माल बाजारात जातो त्याच आठवड्यात नष्ट करतात. नेहमीचा नियम आहे. किल्ली नाहीच.

मी विचारलं, हे तुम्हाला केव्हा कळलं?

ते म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदा विचारायला आलात त्या दिवशी मला माहीत होतं. मला वाटलं, टोकियोहून आलेलं 'नाही' तुम्हाला कमी लागेल."

त्यांच्या आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता. त्यांनी मला दोन महिने आशा दिली होती, चहा द्यावा तशी, आदरानं, दोन्ही हातांनी. मी त्यांना काहीही बोलले असते तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. म्हणून मी फोन ठेवला.

बाबांना सांगायला मलाच जावं लागलं. ते खुर्चीवर बसून फुलांच्या टोपल्या मोजून घेत होते. माझा चेहरा बघून त्यांनी टोपली खाली ठेवली. मी म्हटलं, आवाज येत नाही, बाबा. त्यांनी मान हलवली, पाटी घेतली आणि त्या विद्यार्थ्याचं नाव लिहून मामांकडे दिली, गाडी घेऊन जा म्हणून खूण केली. तो विद्यार्थी दुसऱ्या गावच्या लग्नाला कबूल होऊन बसलेला. हे उरकून तिकडे जातो, या बोलीवर आला.

आणि त्यानं उरकलं. माईक लावून, भरभर, एक प्रतिज्ञा संपण्याआधी दुसरी. धाकटी 'होय' म्हणायला तोंड उघडायची तोवर तो पुढे गेलेला असायचा. तिनं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही, ती सगळा वेळ पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांकडे बघत होती. बाबांच्या गळ्यातल्या भोकावर पांढरा रुमाल बांधलेला, श्वासाबरोबर तो आत-बाहेर होत होता. फुलं पडली, लोक 'साधू, साधू' म्हणाले, जेवणावळी उठल्या. निघताना धाकटी मला मिठी मारून म्हणाली, "ताई, मी उन्हाळ्यातच म्हटलं होतं." एवढंच. तिनं नंतरही कधी तो विषय काढला नाही, मी कितीदा वाट पाहिली तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पांगल्यावर बाबांनी मला जवळ बसवलं. पाटीवर लिहिलं, कसं झालं ते समजावून सांग. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं, शिक्षकाला असतं तसं. मी त्यांच्याच पाटीवर यंत्र काढलं, कंप्युटर काढला, मधे कुलूप काढलं. यंत्र विकणारे कोण, गाणी विकणारे कोण, कुणाला कुणाची भीती, सगळं सांगितलं. घरचा आवाज कुठला आणि बाजारातला कुठला हे त्या कुलपाला कळत नाही, म्हणून ते सगळ्यांनाच बंद करतं, हेही सांगितलं. बाबांनी पाटी पुसून लिहिलं, कुणालाच उघडत नाही? मी म्हटलं, कुणालाच नाही. मग त्यांनी लिहून विचारलं, बरोबर लागलंय की नाही हे कोण बघतं?

मी म्हटलं, "मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी रागावतील, आणि मी त्याचीच वाट बघत होते. त्यांनी बाहीनं पाटी पुसली आणि त्यांच्या त्या गोल, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: 'काम चोख केलं तू.' मग आईला हाक मारता येत नव्हती म्हणून पाटी उचलून तिला दाखवायला स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले. त्यात टोमणा असता तर मी सोसला असता. बाबांना खरंच कौतुक वाटलं होतं.